छताआडचे पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आठ दिवसांपूर्वी सांगितले, "या वर्षी तुम्ही बोलायचं, विषय तुमच्या आवडीचा." मला भाषणाची सवय नाही. शिवाय इथे माझ्याआधी ज्या ज्या भगिनी बोलल्या त्यांनी आरोग्य, मुलांचे शिक्षण, बचत असे भारदस्त विषय घेतले. मी मात्र आज एका पाइपाविषयी बोलणार आहे. हसू नका. आमच्या घरातल्या छताच्या वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, गरम पाण्याचा एक पाइप गळत होता. बरेच दिवस गळत होता. आम्हां शिकल्यासवरल्या माणसांना ते कळले नाही. आणि ज्या एका माणसाला पहिल्या दिवसापासून कळले होते, त्याचे आम्ही ऐकले नाही. ते माणूस म्हणजे आमच्या आत्याबाई, माझ्या सासूबाई.

आधी घराची रचना सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. आमचे घर इथेच, धाराशिवात. गच्चीवर सोलरची टाकी आहे. हल्ली पुष्कळ घरांत ती असते, पण तिचे काम कसे चालते हे आपण बायका सहसा विचारीत नाही. त्यात यंत्र असे काही नसते. उन्हाने काचेच्या नळ्यांतले पाणी तापते, तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते, गार पाणी जड म्हणून खाली उतरते. दिवसभर हा फेरा चालू राहतो. टाकीला जाड वेष्टन असते, म्हणून पहाटेपर्यंत पाणी कढत राहते. त्या टाकीतून एक पाइप खाली न्हाणीघरात येतो. आमच्याकडे त्याला एक फाटा फोडून तो मागच्या खोलीच्या छताखालून स्वयंपाकघरापर्यंत नेला आहे, थंडीच्या दिवसांत भांडी घासायला गरम पाणी मिळावे म्हणून. ती हौस माझीच. मागची खोली आत्याबाईंची.

पाइप उघडा होता तोवर काही प्रश्न नव्हता. पण २०१९ साली मुलाचे लग्न ठरले, आणि घर जरा नीटनेटके दिसावे म्हणून आम्ही सगळ्या खोल्यांना पीओपीचे छत करून घेतले. स्लॅबच्या खाली वीतभर अंतर सोडून पांढरे शुभ्र छत, कडेने नक्षी, मधे दिवे. पाइप, वायरी, स्लॅबचे डाग, सारे त्याच्या आड गेले. पाहुणे म्हणाले, "घर काय छान दिसतंय!" छान दिसतच होते.

गेल्या वर्षी मार्गशीर्ष लागला आणि थंडी पडू लागली. एके दिवशी सकाळी आत्याबाई मला म्हणाल्या, "आगं, वर थेंब थेंब पडतंय."

मी वर पाहिले. छत कोरडे. म्हटले, "पाल असेल."

त्या म्हणाल्या, "पाल न्हाई ती. पालीला काय वेळ कळती व्हय? रोज पहाटं पडतंय, उजाडलं की बंद."

मी ते मनावर घेतले नाही. का घेतले नाही, ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आत्याबाईंचे सारे आयुष्य लोहारा तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, जो भूकंप झाला तो इथल्या कोणाला सांगायला नको. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती, गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर ही नावे तेव्हा साऱ्या जगाला कळली. लातूर आणि आपला जिल्हा मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या घरातली दोन गेली, आत्याबाईंची धाकटी जाऊ आणि तिचे चार वर्षांचे लेकरू. आत्याबाई सोप्यात निजल्या होत्या. सोप्याला सागवानी खांब होते, म्हणून तेवढा सोपा उभा राहिला. आतली खोली भिंतींवर होती, ती बसली.

पुढे त्या आमच्याकडे राहायला आल्या. तेव्हापासून आजतागायत त्या पहाटे साडेतीनला जाग्या होतात. गजर लागत नाही, कोणी उठवावे लागत नाही. उठून बसतात, जपमाळ घेतात, आणि वर बघत राहतात. चार वाजून गेले की पुन्हा कलंडतात. आम्हांला ते सवयीचे झाले होते. त्यामुळे छतात काही ऐकू येते असे त्यांनी म्हटले तेव्हा आम्हां सगळ्यांना वाटले, म्हातारपण आणि ती जुनी भीती. आमचे यजमान तर त्यांना समजावून सांगत, "आई, हे सिमेंटचं घर आहे. इथं काही होत नसतं." त्या गप्प बसत.

पंधरा-वीस दिवसांनी छतावर एक डाग दिसू लागला. प्रथम रुपयाएवढा, मग बशीएवढा. मधे फिकट, कडेला चहासारखी तांबूस रेघ. आता पाणी आहे हे कबूल करणे भाग होते. यजमान म्हणाले, गच्ची झिरपते आहे. म्हणून गच्चीवर कारागीर लावून भेगा भरल्या, वरून रसायनाचे दोन हात दिले. सूनबाईंचा एका महिन्याचा पगार त्यात गेला. त्या महिन्यांत पाऊस नव्हता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही असे नाही; मुलाने ते बोलूनही दाखविले. पण एकदा घरातल्या कर्त्या माणसाने कारण ठरविले की बाकीची मंडळी त्या कारणामागे चालू लागतात. मीही चालले.

डाग वाढतच राहिला. मग नळकाम करणारा एक जण बोलाविला. तो आला दुपारी एक वाजता. गरम पाण्याचे सगळे नळ सोडून पाहिले, बंद करून पाहिले, छताला कान लावला. म्हणाला, "पाइप गळत असता तर आत्ता गळला असता. ही ओल आहे, रंग द्या." आम्ही डागावर रंग दिला! दोन हात दिले. आठ दिवस छत पुन्हा पांढरे शुभ्र दिसले.

आत्याबाईंनी रंगाऱ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "आमच्यात बी असंच करायचे. गळालं की वरनं माती."

हे वाक्य मला त्या दिवशी नुसते टोमण्यासारखे वाटले. नंतर त्याचा अर्थ उलगडला. आपल्याकडची जुनी घरे तुम्ही पाहिलेली आहेत. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, चुना नाही, नुसत्या मातीत रचलेल्या. वर तुळया, तुळयांवर किलचान, आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. ही पांढरी माती चिकण, पाणी आत घेत नाही. आणि घर उन्हाळ्यात असे गार राहते की आजचा पंखाही तसे करीत नाही. पण माळवद गळतेच. मग मृगाच्या आधी वर आणखी माती टाकायची, चोपायची. सासऱ्यांनी टाकायची, मुलाने टाकायची, नातवाने टाकायची. गळती कुठून होते ते शोधायला जुनी माती उकरावी लागते; ते कोण करणार? नवी टाकणे सोपे. असे होता होता माती दीड फूट, दोन फूट चढे. अर्धा मीटर जाडीची माती म्हणजे दर चौरस मीटरला सात-आठशे किलो वजन. आणि पाणी ते गुपचूप भिंतीच्या पोटात उतरून तिथली माती सैल करीत असे. भूकंपाच्या रात्री मातीतल्या त्या दगडी भिंती फाकल्या, आणि वर्षानुवर्षे प्रेमाने चढविलेली ती माती झोपलेल्या माणसांवर आली. आत्याबाई ते पाहून आलेल्या होत्या. आम्ही त्यांना सिमेंटचा धडा देत होतो.

असो. पौष लागला. रंगाखालून डाग पुन्हा वर आला आणि आता छताला तिथे किंचित पोट सुटल्यासारखे दिसू लागले. त्याच दिवशी आत्याबाईंनी आपली बाज उचलून पुढच्या पडवीत नेऊन टाकायला लावली. बाहेर कडाक्याची थंडी, वय ब्याऐंशी. मी रागावले. खोटे कशाला सांगू, चांगली रागावले. "लोक काय म्हणतील, सासूला पडवीत टाकलं म्हणतील," असेही म्हणाले. त्या म्हणाल्या, "म्हणू दे. तू बी हितं नीज."

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमाराला मागच्या खोलीत धप्प असा आवाज झाला. जाऊन पाहतो तो सुपाएवढा पीओपीचा तुकडा खाली पडलेला, त्याचा चिखल झालेला, आणि वरून पाण्याची बारीक धार. तुकडा पडला होता तो नेमका बाज होती त्या जागी, उशीकडच्या बाजूला.

आमचे यजमान बराच वेळ त्या जागेकडे पाहत उभे राहिले. मग पडवीत जाऊन आईच्या पायथ्याशी बसले. काय बोलले ते मी विचारले नाही.

आता दुरुस्तीकडे वळते. तिच्यासाठीच तर मी उभी राहिले.

सूनबाईंनी पहिले काम केले ते म्हणजे त्या खोलीचा विजेचा मुख्य खटका पाडला. छताच्या पोकळीतून दिव्यांच्या वायरी गेलेल्या असतात. पाणी आणि वीज एकाच पोकळीत. दुसरे, गच्चीवर जाऊन टाकीखालचा गरम पाण्याचा कॉक बंद केला. तो कॉक इतक्या वर्षांत कोणी फिरविला नव्हता. पाना लावून मुलाने तो कसाबसा फिरविला. तिसरे, जिथे छत फुगलेले होते पण पडले नव्हते तिथे खाली बादली धरून स्क्रूड्रायव्हरने एक भोक पाडले. दीड बादली पाणी निघाले. भोक पाडले नसते तर ते सगळे छत घेऊन खाली आले असते.

या ठिकाणी मला आपल्या धाराशिवच्या लेण्यांची एक कथा आठवते. कनकामर मुनींचे 'करकंडचरिउ' म्हणून अपभ्रंश भाषेतले जुने काव्य आहे. त्यात करकंड राजा इथल्या लेण्यात येतो. तिथल्या मूर्तीपाशी दगडाला एक गाठ दिसते. ती त्याला विद्रूप वाटते. म्हातारा शिल्पी सांगतो, राजा, ती फोडू नकोस, आत पाण्याचा झरा आहे. राजा ऐकत नाही, गाठ फोडायला लावतो, आणि पाणी उसळून लेणे भरून जाते. तिथेही म्हाताऱ्याचे कोणी ऐकले नाही, बरे का. फरक एवढाच की आम्ही आधी कॉक बंद केला. करकंड राजाजवळ कॉक नव्हता.

मग एक तरुण मिस्त्री आला. त्याला सूनबाईंनी सांगितले, "गळती पहाटेच होते, दुपारी होत नाही. आमच्या आजी सांगतात." मिस्त्री हसला नाही. शिडीवर बसून त्याने विचारले, "पहाटे पहिलं गरम पाणी किती वाजता सोडता?" सहा वाजता, सूनबाईंच्या आंघोळीला. "मग आजींचं बरोबर आहे," तो म्हणाला, "हा जोड थंडीत उघडतो आणि गरम झाला की मिटतो."

त्याने समजावून दिले ते मी माझ्या भाषेत सांगते. गरम पाण्याला जो पिवळसर प्लास्टिकचा पाइप वापरतात तो तापला की लांबतो आणि गार झाला की आखडतो. सोळा फुटांचा पाइप पहाटेच्या थंडीतून एकदम कढत पाण्यावर आला तर एक-दीड सेंटिमीटर लांबतो. सेंटिमीटर म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण हे रोज घडते, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. पाइपाला सरकायला जागा असली तर काही बिघडत नाही. आमच्याकडे छत करणाऱ्यांनी छत टांगायच्या तारा पाइपालाच आवळून बांधल्या होत्या. पाइपाला हलायला वाव उरला नाही. सगळा ताण कोपऱ्यावरच्या एल्बोवर येऊ लागला. त्या एल्बोत पितळेचा आटा बसविलेला होता. पितळ आणि प्लास्टिक यांचे लांबणे-आखडणे सारखे नसते. तिथे केसाएवढी चीर पडली. रात्रभर पाइप गार होऊन आखडला की ती चीर उघडे आणि टाकीचे पाणी थेंबाथेंबाने बाहेर येई. सहा वाजता गरम पाणी धावले की पाइप फुगून चीर मिटे. दुपारी एकला आलेल्या माणसाला काय दिसणार?

जागा मात्र नक्की करायची होती. सगळे छत फोडायचे की थोडे? इथे सूनबाईंची हुशारी. तिने मोबाइलमधले २०१९ सालचे फोटो काढले. छत बसविण्याआधी घरात काम चालू असताना माझा मुलगा शिडीवर चढून गमतीने हात हलवीत होता, असा एक फोटो होता. त्याच्या डोक्यामागे पाइप, त्याचा कोपरा, भिंतीपासूनचे अंतर, सगळे स्वच्छ दिसत होते. लग्नाच्या हजार फोटोंत तोच एक कामाचा निघाला.

तेवढीच दीड फूट चौरस जागा करवतीने सरळ कापली. पाइप कोरड्या फडक्याने पुसला, प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राचा एकेक तुकडा गुंडाळला, मग कॉक अगदी थोडा उघडला. ज्या जोडाचा कागद आधी भिजला तोच गुन्हेगार. पाणी पाइपावरून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकते, म्हणून ही खबरदारी. आमचा डाग होता त्यापासून चीर दोन हात लांब निघाली.

वरून लांबी थापून भागणार नाही असे मिस्त्रीने स्पष्ट सांगितले. तो एल्बो दोन्हीकडचा वीतभर पाइप धरून कापून काढला आणि नवा तुकडा दोन सॉकेटांनी जोडला. जोडायचा सोल्युशन गरम पाण्याच्या पाइपाचा वेगळा मिळतो; गार पाण्याच्या पांढऱ्या पाइपाचा इथे चालत नाही. जोड दाबून धरून तो मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजत होता, मला ओठ हलताना दिसले. मग चोवीस तास गरम पाणी सोडायचे नाही, असे बजावून गेला. तारा सोडविल्या, पाइप स्लॅबलाच सैल क्लॅम्पांनी टांगला, त्यावर काळे मऊ वेष्टन चढविले.

पीओपीविषयी दोन शब्द. जिप्सम नावाचा दगड दीडशे अंशांच्या आसपास भाजून दळला की ते पीठ तयार होते. पाणी घातले की ते पुन्हा दगड होऊ पाहते. दिसायला घट्ट, पण पाण्यापुढे बापुडे. ओल धरली की त्याचा जोर जातो, जड होते आणि तारेवरून सुटते. रंगाचा थर वर असला तर पाणी खालून बाहेर पडायचे तेही अडते आणि आत साठत जाते. म्हणजे आम्ही रंग देऊन पाण्याला टाकीच बांधून दिली होती.

छतातली पोकळी आठ दिवस तशीच उघडी ठेवून, पंखा लावून वाळविली. आणि मग कापलेल्या जागी पुन्हा पीओपी न भरता तिथे झडप केली. लाकडी चौकट, दोन बिजागऱ्या, एक कडी. यजमानांनी जरा कुरकुर केली, छताची शोभा जाते म्हणून. पण फार नाही.

माझी भाची जर्मनीत असते. तिला हे फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे तर अख्खं घर गरम ठेवायला पाण्याचे पाइप भिंतींतून, जमिनीतून फिरवलेले असतात. तेही गळतात, आणि तेही आधी कोणाला सापडत नाहीत." ऐकून मला उगीचच बरे वाटले. आणि आपल्याच जिल्ह्यात याच्या उलट एक आश्चर्य उभे आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीत, १६१३ साली, जो बंधारा बांधला त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी हे धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि आपण आत, त्या पाण्याच्या आड, महालात उभे असतो. आमच्या मंडळाची सहल तिथे गेली होती तेव्हा आम्ही फोटो काढले आणि शेंगदाण्याची चटणी-भाकरी खाल्ली. त्या बांधणाऱ्यांनी पाण्याला जायची वाट किती विचाराने दिली असेल, हे तेव्हा मनात आले नाही. आता पुन्हा जावेसे वाटते.

ज्यांच्या घरी नवे छत होणार आहे त्यांना एवढेच सांगते. छत झाकायच्या आधल्या दिवशी प्रत्येक खोलीचे चारही बाजूंनी फोटो काढा, पाइपाला टेप लावून काढा. पाइपाच्या प्रत्येक जोडाखाली झडप ठेवायला सांगा; कारागीर नको म्हणेल, तरी सांगा. तारा पाइपाला बांधू देऊ नका. आणि टाकीखालचा कॉक महिन्यातून एकदा फिरवून पाहा, म्हणजे वेळेला फिरतो.

आत्याबाईंची बाज आता पुन्हा मागच्या खोलीत आली आहे. त्यांनी ती मुद्दाम झडपेच्या अंगाला लावून घेतली, खाली नव्हे. साडेतीनला त्या अजूनही उठतात. आठवड्यातून एकदा नातसुनेला झडप उघडायला लावतात आणि बॅटरीचा उजेड पाडून स्वतः आत पाहतात. कोणाला ती झडप कशी केली आहे ते पाहायचे असेल तर शनिवारी दुपारी या. आत्याबाई दाखवतील, त्यांना ते आवडते.